सावित्रीबाईंची तीन पत्रे

ज्ञातीच्या स्मरणिकेत थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे छापण्याची प्रथा जुनी आहे, आणि आपल्या माळी समाजाच्या अंकात कै. सावित्रीबाई जोतीराव फुले यांचे स्मरण झाले नाही असे वर्ष विरळाच. शाळेच्या वाटेवर अंगावर आलेले शेणगोळे, पिशवीत बरोबर नेलेले दुसरे लुगडे, भिडेवाड्यातील ती पहिली शाळा, या साऱ्या कथा आपल्या मुलांना तोंडपाठ आहेत. त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण एकच प्रसंग वर्षानुवर्षे सांगत राहिले म्हणजे माणूस मागे पडते व प्रसंग तेवढा शिल्लक राहतो. बाई आपल्या तसबिरीत जाऊन बसतात, त्यांना हार पडतो, आणि त्यांचे म्हणणे काय होते हे विचारावयाचे राहून जाते. म्हणून यंदा आम्ही त्यांचे चरित्र लिहीत नाही. त्यांनी आपल्या यजमानांस लिहिलेली तीन पत्रे वाचकांसमोर ठेवीत आहोत.

ही पत्रे अनुक्रमे १० ऑक्टोबर १८५६, २९ ऑगस्ट १८६८ व २० एप्रिल १८७७ या तारखांची आहेत. पहिली दोन सावित्रीबाईंच्या माहेराहून, म्हणजे सातारा जिल्ह्यातील शिरवळजवळच्या नायगावाहून लिहिलेली आहेत, तर तिसरे जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय १९८८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, त्यात ती वाचावयास मिळतात. एकवीस वर्षांच्या अवधीतील ही तीन पत्रे. पहिल्याच्या वेळी बाईंचे वय पंचवीस, दुसऱ्याच्या वेळी सदतीस आणि तिसऱ्याच्या वेळी शेहेचाळीस. दुसऱ्या पत्राच्या आरंभी यजमानांचे पत्र पोहोचल्याचा निर्देश आहे. यावरून पत्रांची ये-जा दोन्ही बाजूंनी होती हे उघड आहे.

येथे एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आमच्या आजीची एक पत्र्याची पेटी होती. आजी गेल्यावर घरच्या कर्त्या मंडळींनी आजोबांचे दस्त, पावत्या व खतावण्या फडक्यात बांधून माळ्यावर नीट ठेवल्या, आणि आजीच्या पेटीतील पत्रे तेराव्याच्या दिवशी बंबात गेली. त्यांत वाईट हेतू कोणाचाच नव्हता. बायकांच्या पत्रांत जपून ठेवण्यासारखे काय असावयाचे, एवढाच विचार होता. त्या बंबाची आठवण ठेवून आम्ही या तीन पत्रांकडे पाहतो.

वाचकांस पूर्वपीठिका ठाऊक आहेच. तिचा धागा तेवढा हाती घेऊ. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव गोविंदराव फुले यांच्याशी झाला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पुढील वर्षी ज्ञातीतील लोकांच्या व भटभिक्षुकांच्या दडपणामुळे गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. म्हणजे पहिले पत्र लिहिले जाण्याच्या चार वर्षे आधीच या दांपत्याच्या कामाचा सरकारदरबारी गौरव झाला होता. नायगावच्या घरी मात्र निराळे वारे वाहत होते.

सावित्रीबाई आजारी पडून माहेरी गेल्या होत्या. पुण्यास रेल्वे येण्यास अजून दोन वर्षे अवकाश होता. साऱ्या देशभर अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले त्याला मात्र दोन वर्षे झाली होती. पत्राचा आरंभ प्रकृतिमानाने होतो. आता बरे वाटत आहे, पूर्ण बरे वाटताच पुण्यास येईन, काळजी करू नये. आजारात भावाने अहोरात्र शुश्रूषा केली याबद्दल त्या मनापासून कृतज्ञता दाखवितात. आपल्या गैरहजेरीत फातिमा यांस फार त्रास पडत असेल, तरी त्या कुरकुर करणार नाहीत, असेही त्या लिहितात. शाळेचा भार पुण्यात कोणाच्या खांद्यावर होता, हे या एका वाक्यावरून उमगते, असा आमचा तर्क आहे. रोगशय्येवरून लिहिणाऱ्या बाईच्या मनात पहिल्याने आपले काम येते व त्या कामातील सहकारी स्त्री येते.

नंतर विषय पालटतो. ज्या भावाने इतकी सेवा केली, त्याच भावाने एके दिवशी बोलता बोलता बहिणीस सुनावले की, तू व तुझा नवरा वाळीत पडलात ते योग्यच झाले. तुम्ही महार-मांगांसाठी जे काम करता ते पतित आहे, त्याने आपल्या कुळास बट्टा लागतो, तेव्हा ज्ञातीच्या रूढीस धरून वागावे व भट सांगेल तसे करावे. हे ऐकून आईस फार वाईट वाटले. मुलास कठोर शब्द न बोलता तिने त्याची समजूत घातली की, देवाने तुला गोड वाणी दिली आहे, तिचा असा उपयोग करू नये.

सावित्रीबाईंनी दिलेले उत्तर पत्रात सविस्तर आहे. त्याचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देतो. तू गाई-शेळ्यांस मायेने कुरवाळतोस. नागपंचमीस विषारी नाग धरून त्यास दूध पाजतोस. आणि महार-मांग तुझ्यामाझ्यासारखी माणसे असता त्यांस मात्र अस्पृश्य समजतोस, याचे कारण काय ते सांग. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि आमच्या मते साऱ्या पत्राचे मर्म तिच्यात आहे. भट सोवळ्यात असता तुझादेखील विटाळ मानतात, तुला तरी ते महाराहून वेगळे लेखतात काय? हे ऐकून भावाचा चेहरा लालबुंद झाला. मग त्याने खरे मन उघड केले. लोक तुम्हांस नावे ठेवतात, त्रास देतात, ते मला सहन होत नाही, असे तो म्हणाला. यावर बाईंनी विद्येचे मोल त्यास समजावून सांगितले. भटांचे वर्चस्व विद्येवर उभे आहे; ज्यास विद्या आली त्याचे हीनपण जाते; विद्येवाचून राहणे हे पशुत्व होय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आपल्या यजमानांच्या कार्याचा अभिमानही त्यांनी तेथे बोलून दाखविला.

वाचकहो, या भावाकडे जरा निरखून पाहावे अशी आमची विनंती आहे. सावित्रीबाईंच्या चरित्रात शेण मारणारे लोक येतात ते नेहमी दुसऱ्या आळीतले, दुसऱ्या ज्ञातीतले असतात. ती हकीकत खोटी नाही. परंतु या पत्रातील विरोधक परका नाही. तो पाठचा भाऊ आहे, आजारी बहिणीची सेवा करणारा, प्रेमळ आणि अब्रूस जपणारा. वाळीत टाकण्याचे समर्थन तो ज्ञातीच्या रूढीच्या नावाने करतो. ती ज्ञाती म्हणजे आपलीच. आज आपण ज्या बाईंची तसबीर सभामंडपात लावतो, त्यांना घराबाहेर काढणाऱ्यांत आपलेही वाडवडील होते हे या पत्रात शाईने लिहिलेले आहे, आणि ते लिहून ठेवणारी खुद्द आपली सावित्रीबाईच आहे. हे छापण्याबद्दल कोणी ज्ञातिबांधव आम्हांवर रागावले तर आमचा नाइलाज आहे. भावाचे दोष लिहिताना त्याचे गुण बाईंनी झाकले नाहीत व गुण आठवून दोषही झाकले नाहीत. तो मनाने चांगला, पण दृष्टीने अतिशय संकुचित, असे त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. इतका समतोल न्याय स्वतःच्या घरात करणे किती कठीण असते, हे ज्यांच्या घरी भाऊबंदकी झाली आहे त्यांस सांगावयास नको.

दुसऱ्या पत्रापर्यंत बारा वर्षे लोटली. या बारा वर्षांत पुण्याच्या घरी काय घडले होते हे ध्यानात घेतल्यावाचून त्या पत्राचा अर्थ लागत नाही. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या राहत्या जागेत बालहत्या प्रतिबंधक गृह चालू केले होते. फसविल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे व मुलाचा जीव घेऊ नये, हा त्यामागील हेतू. जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी सरकारकडे पाठविलेल्या टिपणात, तोवर पस्तीस गरोदर विधवा त्या घरी येऊन बाळंत झाल्या असे नमूद आहे. त्यांतील पाचच मुले जिवंत असून बाकीची, पोटात असतानाच पाजलेल्या जहाल औषधांमुळे दगावली, असेही त्यात सांगितले आहे. आकडे जोतीरावांनी लिहिले. पण पस्तीस बाळंतपणे म्हणजे पस्तीस वेळा रात्रीचे जागरण, पाणी तापविणे, धुरी-शेक, आणि तीस वेळा पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेले मूल. हे काम घरातील कोणी केले असेल हे आपल्या घरच्या बायकांस विचारावे. टिपणावर सही एकाची असली तरी काम दोघांचे होते.

१८६८ च्या ऑगस्टमध्ये बाई पुन्हा नायगावास होत्या. हे पत्र आखूड आहे. पुढील महिन्याच्या पाच तारखेपर्यंत येते, काळजी नसावी, असे सांगून त्या एक विलक्षण प्रकार कळवितात. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पोथी-पंचांग सांगून पोट भरीत असे. त्याचे व शारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. मुलीस सहा महिने झाले तेव्हा गोष्ट बाहेर फुटली. गावातील लोकांनी दोघांना पकडले, वाजत गाजत गावातून फिरविले व ठार मारावयास निघाले. ही बातमी सावित्रीबाईंच्या कानी आली. त्या धावत तेथे गेल्या आणि इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांनी जमावास मागे परतविले.

हा धाक पोकळ नव्हता. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली होती. खून करणारा गावचा पाटील असो, पंच असो की अवघा जमाव असो, त्यास ज्ञातीचा निवाडा यापुढे वाचविणार नव्हता. त्या काळी नव्या राज्यातील कायदा म्हणजे खेड्यातील माणसास कोर्टाचा खर्च व सावकाराची जप्ती एवढाच ठाऊक होता. त्याच कायद्याने दोन जीव, किंबहुना तीन जीव, वाचविता येतात हे नायगावच्या वेशीत एका बाईने दाखविले. समजुतीच्या गोष्टी तेथे चालल्या नसत्या, आणि बाईंनी त्या सांगितल्याही नाहीत. भावाशी वाद घालताना नागपंचमीचा दाखला, जमावापुढे मात्र फाशीचा; कोणापुढे काय बोलावे हे त्यांस अचूक कळत असे.

पुढचा भाग तितकाच लक्षात घेण्यासारखा आहे. सदुभाऊ नावाच्या गृहस्थाने रागाने फर्मावले की, या दोघांनी गाव सोडून जावे. ही अट बाईंनी मोडून काढली नाही. त्या दोघांनीही ती मान्य केली. आजच्या वाचकास येथे वाटेल की, गावातच राहण्याचा त्यांचा हक्क बाईंनी का मागितला नाही. आम्हांसही तसे वाटले होते. पण रात्र पडावयाची होती, जमाव अजून पांगलेला नव्हता, आणि मुलगी सहा महिन्यांची गरोदर होती. ती दोघे बाईंच्या पायांवर पडून रडू लागली. त्यांस धीर देऊन बाईंनी त्यांची पुण्यास रवानगी केली व त्यांना तुमच्याकडे पाठवीत आहे असे यजमानांस कळविले. परवानगी मागितलेली नाही, पाठवू काय अशी पृच्छा नाही. ज्या घराचे दार पाच वर्षांपूर्वी दोघांनी मिळून उघडले होते, त्याच्या किल्लीवर आपलाही हक्क आहे हे त्या गृहीत धरतात. याच १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्या घरी ही दोन माणसे निघाली ते घर असे होते.

आता तिसरे पत्र. आमच्या मते हे तिन्हींत थोर आहे. १८७३ साली २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली होती. जोतीराव १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते व १८८२ पर्यंत राहिले. म्हणजे ज्या वेळी यजमान शहराच्या कारभारात बसत होते, त्याच वेळी बाई दुष्काळाच्या मुलखात ओतुरास होत्या. ओतूर हे सत्यशोधकांचे बळकट ठाणे होते.

१८७६–७७ चा दुष्काळ आपल्या पणजोबांच्या पिढीने पाहिला. सरकारने दुष्काळी कामे काढली, पण सर रिचर्ड टेम्पल यांच्या शिफारशीने मजुरांचा रोजमुरा एक पौंड धान्य व वर किरकोळ रोख इतका खाली आणला गेला. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करण्यास नकार देऊन कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. हा सारा इतिहास सभेच्या निवेदनांत इंग्रजीत लिहिलेला आहे. सावित्रीबाईंचे पत्र त्या दुष्काळाच्या आतून मराठीत लिहिलेले आहे.

साल सरले पण दुष्काळ सरला नाही, अशा अर्थाने त्या आरंभ करतात. मग एकामागून एक चित्रे येतात. माणसे मरत आहेत, गुरे जमिनीवर कोसळत आहेत, वैरण नाही, नद्या, ओढे, तळी आटली, झाडांवर पान उरले नाही, भुईला भेगा पडल्या. लोक पोटची मुले व तरण्या मुली विकून गाव सोडीत आहेत. कोणी विषारी फळे खाऊन तर कोणी स्वतःचे मूत्र पिऊन प्राण धरून आहेत. हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. तथापि त्यात एकही वाक्य हळहळण्यासाठी लिहिलेले नाही. गावी काय कमी आहे ते पाठविणाऱ्यास कळावे म्हणून लिहिलेले ते टिपण आहे. सत्यशोधकांनी कमिट्या नेमून अन्नाची व्यवस्था चालविली आहे, रावबहादुर कृष्णाजीपंत लक्ष्मणशास्त्री बरोबर हिंडून दुष्काळग्रस्तांस रोख मदत वाटीत आहेत, हेही त्यात आहे. भटांच्या वर्चस्वावर कडाडून बोलणाऱ्या बाई मदतीस आलेल्या शास्त्र्याचे नाव मानाने लिहितात, हे आमच्या काही मित्रांनी जरूर वाचावे.

यानंतर पत्रात एक प्रसंग येतो. सावकारांच्या जुलुमाने गांजलेल्या मुलखात दंगेधोपे होऊ लागले. कलेक्टर बंदोबस्तासाठी आला, गोरे शिपाई नेमले गेले, आणि पन्नास सत्यशोधकांस पकडण्यात आले. हे असे का झाले हे समजण्यास दोन वर्षे मागे गेले पाहिजे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. तेव्हापासून खेड्यात चार शेतकरी एकत्र दिसले की अंमलदारांस दंगा दिसू लागे. दुष्काळात धान्य वाटणाऱ्या तरुणांच्या कमिटीवर लुटारूंची टोळी असा शिक्का बसण्यास याहून अधिक कारण लागत नव्हते.

कलेक्टरने सावित्रीबाईंस बोलाविले. जिल्ह्याचा कलेक्टर म्हणजे त्या काळी खुद्द सरकार. त्याच्यासमोर जुन्नर तालुक्यातील भल्या भल्या पाटलांची बोबडी वळावी. आमचे लोक चांगले काम करीत असता त्यांच्यावर खोटे आळ का घेतले, त्यांस विनाकारण का डांबले, असा उलट सवाल बाईंनी त्यास केला व त्यांना ताबडतोब सोडण्याची मागणी केली. त्यांनी गयावया केली नाही, आणि कोणाची शिफारसही पुढे केली नाही. आपण पुण्याच्या नगरपालिकेच्या सभासदाची पत्नी आहोत याचा तर उल्लेखदेखील पत्रात नाही. कलेक्टर निःपक्षपाती व सभ्य निघाला. शेतकरी माणसे कधी लूटमार करतील काय, असे आपल्याच शिपायांवर ओरडून त्याने सर्वांस सोडण्यास सांगितले, आणि लोकांची दशा पाहून चार गाड्या ज्वारी पाठवून दिली. बाईंनी त्याची भलाईही पत्रात प्रांजळपणे नोंदविली आहे.

पन्नास माणसे सुटली व चार गाड्या धान्य आले, ही त्या भेटीची निष्पत्ती. मराठी मुलखात एका खेडूत घरच्या स्त्रीने इंग्रज अधिकाऱ्याशी लोकांच्या वतीने समोरासमोर बोलणी केल्याचा, आणि ती बोलणी स्वहस्ते लिहून ठेवल्याचा, इतका जुना दाखला दुसरा आमच्या पाहण्यात नाही. वाटाघाट हा शब्द पुढे राजकारणात फार झिजला. तो नवा असताना ती कशी करतात हे या एका परिच्छेदात पाहावे.

पत्राच्या शेवटी, यजमानांनी आरंभिलेल्या या दीनांच्या सेवेत आपण सदैव त्यांच्याबरोबर राहू, अशी इच्छा त्या व्यक्त करतात. पुढील महिन्यात, म्हणजे मे १८७७ मध्ये, जोतीरावांनी दुष्काळातील पोरक्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रमाकरिता लोकांस मदतीचे जाहीर आवाहन केले. ओतुराहून आलेले पत्र त्या वेळी त्यांच्या फडताळात असलेच पाहिजे.

तिन्ही पत्रे एकापुढे एक ठेवून वाचली म्हणजे एक गोष्ट आपोआप पुढे येते. पतीच्या पावलावर पाऊल टाकून चालणारी अर्धांगिनी, असे बाईंचे वर्णन आम्हीही पूर्वी याच स्मरणिकेत केले होते. ते आता अपुरे वाटते. तिन्ही प्रसंगी यजमान जवळ नव्हते. भावाशी वाद, जमावापुढे आडवे होणे, कलेक्टरशी बोलणे, तिन्ही ठिकाणी काय करावयाचे ते बाईंनी जागच्या जागी ठरविले, करून टाकले, आणि मागाहून पत्र लिहिले. यजमानांस त्या सत्यस्वरूप मानतात, स्वामी म्हणतात, शिरसाष्टांग नमस्कार लिहितात. त्या काळच्या रीतीप्रमाणे पूर्ण मर्यादेचा मायना आहे. मायन्याच्या खाली मात्र एका कार्यकर्त्याने दुसऱ्या कार्यकर्त्यास पाठविलेला कामाचा अहवाल आहे. जोतीरावांस हे उमगले होते. त्यांच्या स्नेह्यांसही उमगले होते. मामा परमानंद यांनी १८९० साली सयाजीराव महाराज गायकवाडांस जोतीरावांच्या आजारपणात मदत करण्याविषयी जे पत्र लिहिले, त्यात त्यांनी जोतीरावांहूनही त्यांच्या पत्नीची प्रशंसा अधिक करावी लागेल असा अभिप्राय दिला आहे.

जोतीरावांची उत्तरे आपल्या हाती नाहीत. शारजा व गणेश पुण्यास पोहोचल्यावर त्यांनी काय लिहिले, पन्नास माणसे सुटल्याची वार्ता वाचून ते काय म्हणाले, हे वाचावयास मिळते तर किती बरे झाले असते. सावित्रीबाईंचे 'काव्यफुले' १८५४ साली छापले गेले, 'बावनकशी सुबोध रत्नाकर' १८९२ साली. छापलेले टिकले, हाताने लिहिलेले बहुतेक गेले. आपल्या सभासद कुटुंबांपैकी ज्यांचे मूळ जुन्नर, शिरवळ, सासवड वा हडपसर या बाजूस आहे, त्यांच्या माळ्यावर सत्यशोधकांच्या काळची मोडी वा बाळबोध कागदपत्रे असतील, तर ती रद्दीत देण्यापूर्वी एखाद्या जाणत्यास दाखवावीत, आणि आजीची पेटीही त्यांत धरावी.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. दत्तक पुत्र यशवंत यांच्या टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. नायगावचा तो चौतीस वर्षांपूर्वीचा वाद अशा रीतीने पुन्हा एकदा दारात उभा राहिला होता. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. पुढे १८९७ साली पुण्यास प्लेग आला. डॉक्टर झालेल्या यशवंतांनी हडपसरच्या बाजूस ससाणे मळ्यानजीक दवाखाना काढला, आणि सासष्ट वर्षांच्या बाई रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. मुंढव्यास पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा आजारी असल्याचे कळताच त्यांनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मूल वाचले. बाईंस प्लेग लागला, व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.